हुकूम नागरिकाला, सवलत सरकारला

इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘एन्जॉइन’ नावाचं एक भारदस्त क्रियापद आहे. बजावून सांगणं, आज्ञा करणं हा त्याचा जुना अर्थ. धर्म माणसाला खरं बोलायला, दान द्यायला ‘एन्जॉइन’ करतो, अशी वाक्यं इंग्रजी ग्रंथांत जागोजाग सापडतात. हेच क्रियापद कोर्टाची पायरी चढलं की बहुधा उलटं फिरतं. तिथे एखाद्याला ‘एन्जॉइन’ केलं म्हणजे त्याला मनाई केली. ‘इन्जंक्शन’ हे त्याचंच नाम, आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांतला मनाईहुकूम. १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम ३७ सांगतं, की निरंतर मनाईहुकमाने प्रतिवादीला वादीच्या हक्काविरुद्धचं कृत्य करण्यापासून कायमचं ‘एन्जॉइन’ केलं जातं. एकाच शब्दात ‘कर’ही आणि ‘करू नकोस’ही.

असा दुतोंडी शब्द कायद्यात ठेवला तर हाहाकार माजायला हवा. माजत नाही. कारण मनाईहुकूम त्या एका शब्दाच्या आधाराने उभाच नसतो. प्रतिवादी कोण, गट नंबर कोणता, चतुःसीमा काय, काय करायचं नाही आणि पुढच्या कुठल्या तारखेपर्यंत नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. शिवाय मोडला तर काय, हेही दिवाणी प्रक्रिया संहितेत पक्कं आहे. तिच्या ३९व्या आदेशातला नियम २-अ म्हणतो, की मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येतं. बांधावरून भांडणाऱ्या शेतकऱ्याने ‘एन्जॉइन’ हा शब्द जन्मात ऐकलेला नसतो. तो म्हणतो, ‘स्टे आणलाय.’ कायद्याच्या काटेकोर अर्थाने ते चूकही असेल, पण समोरच्याचा ट्रॅक्टर थांबतो.

हे आधीच सांगितलं, कारण सरकारी आणि न्यायालयीन भाषेवर आपल्याकडे जी चर्चा होते ती जवळजवळ सगळी शब्दांच्या काठिण्याभोवती फिरते. २७ फेब्रुवारी आला की ‘अधिक्रमित’, ‘प्राधिकृत’, ‘विहित नमुना’ यांची टिंगल होते, सोप्या मराठीची मागणी होते आणि १ मेला तीच भाषणं पुन्हा ऐकू येतात. मागणी रास्त आहे. पण रोग तिथे नाही. कठीण शब्दाचा अर्थ वकील सांगतो, शेजारचा शिकलेला मुलगा सांगतो, आता तर मोबाइलही सांगतो. ज्या आदेशात करणारा कोण, कधीपर्यंत आणि न केल्यास काय हेच लिहिलेलं नाही, त्याचा अर्थ मात्र कुणीच सांगू शकत नाही, कारण तो तिथे नसतोच. आणि या ढिलाईचा फायदा नेहमी एकाच बाजूला मिळतो.

या ढिलाईचं सर्वांत मोठं घर म्हणजे इंग्रजी कायद्यातलं अगदी साधं, शाळेत शिकवलेलं क्रियापद: ‘शॅल’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘देणं लागतो’ असा होता. ऋण, बांधिलकी. आजही कायद्यात ‘अमुक शॅल तमुक’ म्हटलं की त्याने ते केलंच पाहिजे, असा आपला समज असतो.

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात कॅसल रॉक नावाचं गाव आहे. तिथे १९९९ साली जेसिका गोन्झालेस या स्त्रीने विभक्त झालेल्या नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाईहुकूम मिळवला होता. त्या हुकमाच्या मागच्या बाजूला पोलिसांसाठी सूचना छापलेली होती: हा आदेश अमलात आणण्यासाठी तुम्ही शक्य ते सर्व वाजवी उपाय योजाल, उल्लंघन झाल्याचं सकारण वाटलं तर अटक कराल. राज्याच्या कायद्यातही तेच होतं, आणि क्रियापद होतं ‘शॅल’. २२ जूनच्या संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या तिच्या तिन्ही मुलींना नवरा परस्पर घेऊन गेला. तिने साडेसातच्या सुमारास पोलिसांना फोन केला. दोघे आले, तिने हुकूम दाखवला. दहापर्यंत वाट पाहा, म्हणाले. साडेआठला नवऱ्याशी तिचं बोलणं झालं, तो मुलींना घेऊन डेन्व्हरच्या एका करमणूक उद्यानात होता. तिने ते पोलिसांना कळवलं. दहापर्यंत थांबा. दहाला तिने फोन केला तेव्हा सांगितलं, बारापर्यंत थांबा. मध्यरात्रीनंतर ती स्वतः पोलीस ठाण्यात गेली. तिची तक्रार लिहून घेतली आणि अधिकारी जेवायला गेला. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी नवरा त्याच ठाण्यासमोर आला, त्याने गोळीबार केला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते.

गोन्झालेसने गावावर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ साली सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ती हरली. प्रश्न तांत्रिक होता: आदेशाची अंमलबजावणी होणं हा तिचा घटनेने राखलेला हक्क होता का? बहुमताने सांगितलं, नाही. न्यायमूर्ती स्कालिया यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की अटकेबाबत पोलिसांना तारतम्य असतं ही जुनी, रुळलेली परंपरा आहे, आणि कायद्यात नुसतं ‘शॅल’ म्हटल्याने ती परंपरा पुसली जात नाही. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी दाखवून दिलं, की घरगुती हिंसाचाराविरुद्धचे हे कायदे केले गेले तेच मुळी पोलिसांचं हे तारतम्य काढून घेण्यासाठी. कोर्टाने नवऱ्याला केलेली मनाई कागदावर अगदी स्पष्ट होती. ती मनाई राबवण्याची पोलिसांना दिलेली आज्ञा मात्र, सर्वोच्च न्यायालयाने वाचल्यावर, आज्ञा उरली नाही. पुढे २०११ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने अमेरिकेला दोषी ठरवलं, पण २००५चा निकाल तसाच आहे.

आपल्याकडे हा प्रकार वेगळा आहे असं समजू नये. उलट आपल्या निकालपत्रांत तो जास्त उघडपणे दिसतो. तीन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला १९२७चा, ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, भागचंद दगडूसा विरुद्ध सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे सरकार. मालेगावात १९२१ साली दंगल झाली, सरकारने रहिवाशांवर वसुली बसवली, त्याविरुद्ध काहींनी दावा केला. दिवाणी संहितेचं कलम ८० म्हणतं, की सरकारला लेखी नोटीस देऊन दोन महिने उलटल्याखेरीज दावा दाखल केला जाणार नाही. इथेही ‘शॅल’च. वादींचं म्हणणं, वसुली तर आत्ता होतेय, मनाईहुकूम आत्ता हवाय, दोन महिने थांबायचं कसं? प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, कलम स्पष्ट आहे, अनिवार्य आहे, त्याला अपवाद नाही. तातडीच्या वेळी कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावण्याची वाट त्या कलमात उघडली गेली ती थेट १९७६च्या दुरुस्तीने.

दुसरा निकाल १९५२चा, दत्तात्रय मोरेश्वर पानगरकर विरुद्ध मुंबई राज्य. प्रतिबंधक स्थानबद्धतेचं, म्हणजे खटला न चालवता आधीच डांबून ठेवण्याचं प्रकरण. राज्यघटनेचा अनुच्छेद १६६ सांगतो, की सरकारचे सर्व आदेश राज्यपालांच्या नावाने व्यक्त केले जातील. पुन्हा ‘शॅल’. माणूस तुरुंगात ठेवण्याच्या निर्णयाला कायम करणारा आदेश त्या रूपात नव्हता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही तरतूद मार्गदर्शक आहे, अनिवार्य नाही. पाळली नाही म्हणून आदेश रद्द होत नाही. अर्ज फेटाळला. तिसरा १९५७चा, उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव. सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘घेतला जाईल’ असं अनुच्छेद ३२० म्हणतो. नीट घेतला गेला नाही. न्यायालयाने ठरवलं, तरीही कारवाई वैध, नोकराला त्यावरून दाद मागता येणार नाही.

शब्द एकच. नागरिकावर आला तेव्हा तो लोखंडी होता, सरकारवर आला तेव्हा रबरी झाला. हे थोडं अतिशयोक्त आहे, मान्य. न्यायालयांनी सरकारला सरसकट मोकळं सोडलेलं नाही. स्थानबद्धतेची कारणं त्या माणसाला लवकरात लवकर कळवण्याच्या बंधनाबाबत आपली न्यायालयं अतिशय कडक राहिली आहेत, आणि एका तारखेच्या विलंबावरूनही माणसं सुटली आहेत. पण कल कुठे आहे ते पाहा. तो लपवलेलाही नाही. पानगरकर प्रकरणात न्यायमूर्ती दास यांनी आणि नंतर इतरांनी जी कसोटी वापरली ती अशी: कायद्याची तरतूद सार्वजनिक कर्तव्य बजावण्याविषयी असेल, आणि ते नीट न बजावल्यामुळे केलेलं कृत्यच रद्द ठरवलं तर ज्यांचा त्या अधिकाऱ्यावर काही ताबा नाही अशा निरपराध लोकांची गैरसोय होणार असेल, तर ती तरतूद मार्गदर्शक समजावी.

या युक्तिवादात दम आहे. तलाठ्याने नोंद ठरलेल्या मुदतीत केली नाही म्हणून खरेदीखतच बाद ठरवलं तर मार खरेदीदाराला बसेल, तलाठ्याला नाही. निवडणूक यादी एक दिवस उशिरा लागली म्हणून निवडणूकच रद्द करायची का? नाही. पण ही कसोटी एक प्रश्न मधल्यामधे गिळून टाकते. आदेश न पाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काय? कृत्य वैध ठरवणं आणि करणाऱ्याला निर्दोष सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मार्गदर्शक’ असा शिक्का बसला की दुसरी गोष्ट पहिलीच्या पाठोपाठ आपोआप घडते, कारण कायदा लिहिणाऱ्यानेच त्या कर्तव्यापुढे ‘अन्यथा’ लिहिलेलं नसतं. न्यायमूर्तीपुढे मग दोनच रस्ते उरतात, सगळं रद्द करा किंवा सगळं माफ करा. कुठला निवडला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

राज्यपालांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत हेच सर्वांत वरच्या मजल्यावर घडलं. विधान परिषदेतल्या उरलेल्या जागा राज्यपाल नामनिर्देशित करतील, असं अनुच्छेद १७१ म्हणतो. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२०मध्ये बारा नावं पाठवली. ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, की निर्णय वाजवी वेळेत व्हायला हवा, पण राज्यपालांना न्यायालय जाब विचारू शकत नाही. सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली, निर्णय झालाच नाही. तुम्ही त्या सरकारच्या बाजूचे असा की विरोधी, इथे फरक पडत नाही. उद्या पाळी दुसऱ्या पक्षाची असते. तमिळनाडूच्या राज्यपालांकडे अडकलेल्या विधेयकांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ८ एप्रिल २०२५ रोजी मुदती घालून दिल्या आणि दहा विधेयकांना संमती मिळाल्याचं मानलं. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत दिलं, की न्यायालय अशा मुदती घालू शकत नाही आणि ‘मानलेली संमती’ घटनेत नाही. फार लांबलेल्या, कारण न दिलेल्या निष्क्रियतेत न्यायालय फार तर निर्णय घ्या एवढंच सांगू शकेल. घटनेच्या मजकुराशी प्रामाणिक राहिलं तर हे मत चूक म्हणता येत नाही, असं मला वाटतं. मजकुरात ‘शॅल’ आहे, ‘शक्य तितक्या लवकर’ आहे, तारीख मात्र नाही. ज्या रिटने सरकारला काम करायला लावतात तिचं लॅटिन नाव ‘मँडॅमस’, म्हणजे ‘आम्ही आज्ञा करतो’. आपल्या नागरिकशास्त्रातला परमादेश. एवढ्या मोठ्या नावाच्या हत्यारालाही शेवटी मजकुराइतकीच धार असते.

जगात यावर एक उपाय निघाला आहे, ‘शॅल’च काढून टाका आणि ‘मस्ट’ लिहा. ऑस्ट्रेलियाच्या कायदेलेखकांनी ते फार पूर्वी केलं, अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांची भाषा २००७मध्ये त्याच धोरणाने बदलली. दक्षिण आफ्रिकेची १९९३ची हंगामी घटना ‘शॅल’ने भरलेली होती, १९९६च्या कायम घटनेत त्याच्या जागी ‘मस्ट’ आलं. तिच्या कलम २३७मध्ये तर घटनेने घातलेली सर्व बंधनं कसून आणि विलंब न लावता पाळलीच पाहिजेत, असं वेगळं लिहिलंय. आपण मात्र २०२३ साली फौजदारी कायदे नव्याने केले, त्यांना भारतीय न्याय संहितेसारखी संस्कृत नावं दिली आणि आत दीडशे वर्षांपूर्वीचं ‘शॅल’ तसंच ठेवलं. वसाहतवादाची निशाणी पुसण्याच्या या कार्यक्रमात हे एवढं क्रियापद कुणाच्या नजरेला आलं नाही, याची गंमत वाटते.

तरी नुसतं क्रियापद बदलून फार पदरात पडेल असं मला वाटत नाही. पुरावा आपल्याच माहिती अधिकार कायद्यात आहे. २००५चा हा कायदा सबंध ‘शॅल’मध्ये लिहिलेला आहे, आणि तरी त्याचा एक भाग चालतो, दुसरा चालत नाही. जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं. न दिल्यास दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून. त्यामुळे तालुक्याच्या कचेरीतसुद्धा तिसाव्या दिवसाच्या आत काहीतरी कागद निघतो. बऱ्याचदा टाळाटाळीचा निघतो, पण निघतो. त्याच कायद्याचं कलम ४ म्हणतं, की प्रत्येक कार्यालयाने आपली रचना, अधिकार, खर्च, निर्णयपद्धती हे सारं १२० दिवसांत स्वतःहून प्रसिद्ध करायचं. ती मुदत २००५ सालीच संपली. या कलमाला दंड नाही. तुमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर जाऊन पाहा काय प्रसिद्ध झालंय ते. पहिल्या अपिलावर फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा, पण न देणाऱ्या वरिष्ठाला दंड नाही. आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलाला तर मुदतच नाही. खालच्या कारकुनावर बंधन दंडासकट, त्याच्या साहेबावर बंधन नुसतं शब्दाचं आणि सर्वांत वर तेही नाही. एका कायद्याच्या आत इतक्या नेमक्या क्रमाने उतरलेली ही गोष्ट योगायोग असेल, असं मानायला माझं मन तयार नाही.

महाराष्ट्राचा दफ्तर दिरंगाईचा कायदाही असाच. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहणार नाही, असं तो सांगतो. तातडीच्या फाइलींना त्याहून कमी मुदत. वाचून कुणालाही वाटेल, आता मंत्रालयाचे मजले धावू लागतील. पुढे वाचावं. शिस्तभंगाची कारवाई केव्हा? विलंब जाणूनबुजून, हेतुपुरस्सर झाला असेल तेव्हा. आता सहाव्या मजल्यावर फाइल हेतुपुरस्सर थांबली की नुसती थांबली, हे सिद्ध कोण करणार?

मराठीत येताना या सगळ्याला आणखी एक पीळ पडतो. आपल्या कायद्यांच्या मराठी पाठांत ‘शॅल’ बहुतेक ठिकाणी भविष्यकाळ होऊन येतो. घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ ‘असेल’. मग राज्य अमुक ‘करील’, आयोग तमुक ‘देईल’, अधिकारी ‘कळवील’. कायद्याच्या भाषेचा हा संकेत आहे हे वकिलाला ठाऊक असतं. बाकीच्या मराठी माणसाला ‘करील’ म्हणजे पुढेमागे करील बापडा असंच ऐकू येतं. आणि शासन निर्णयात तर कर्ताच गायब असतो. ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘दक्षता घेण्यात यावी’, ‘आवश्यक ती उपाययोजना करण्यात यावी’. कुणी? मराठी व्याकरणाने आज्ञार्थ आणि विध्यर्थ अशी दोन स्वतंत्र रूपं दिली आहेत, ‘करा’ आणि ‘करावे’. सरकारने त्यातलं मवाळ रूप उचललं आणि कर्मणीत बुडवून घेतलं. आज्ञेचं व्याकरण ज्यांनी आयुष्यभर तपासलं ते मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे पंडित, ‘यजेत’ (यज्ञ करावा) या एका क्रियापदापुढे तीन प्रश्न टाकत: काय साधायचं, कशाने साधायचं, कोणत्या रीतीने साधायचं. यांची उत्तरं देणारं वाक्य म्हणजे विधी, आणि स्तुती करून त्याला जोर आणणारं वाक्य म्हणजे अर्थवाद. आपल्या शासन निर्णयांच्या प्रस्तावना पानपानभर अर्थवादाने भरलेल्या असतात. विधी शोधायला भिंग लागतं.

मराठीला आज्ञा देता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यापुरता साठवलेला दाणा-वैरण जपून वापरा, कुणब्यांच्या घरून काही उचलून आणू नका, गवताच्या गंज्यांजवळ विस्तव करू नका, रात्री दिवे विझवा, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि आग लागेल. कुणाला सांगितलंय ते वर लिहिलंय, काय करायचं ते लिहिलंय, का तेही लिहिलंय. न ऐकणाऱ्याची गय होणार नाही, हेही बजावलंय. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीची मराठी, फारसी शब्दांनी गच्च भरलेली, आज नीट वाचायला कोश लागतो. तरी हुकमाबद्दल एक शंका राहत नाही.

म्हणून विधिमंडळात नवं विधेयक आलं की विरोधकांनी, पत्रकारांनी, ज्यांना आवाज आहे अशा सगळ्यांनी त्यातल्या सरकारवर बंधन घालणाऱ्या प्रत्येक कलमावर बोट ठेवून विचारावं: पदनाम कुठे आहे, मुदत कुठे आहे, आणि ‘अन्यथा’ कुठे आहे? नागरिकावर बंधन घालणाऱ्या कलमांत हे तिन्ही न विसरता लिहिलेलं असतं, तेव्हा लिहायला जमत नाही हे कारण चालणार नाही. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात हा प्रयत्न बऱ्यापैकी झालाय. सेवेगणिक पदनिर्देशित अधिकारी, दिवसांची मुदत, आणि सबळ कारणाशिवाय सेवा न दिल्यास ५०० ते ५,००० रुपये दंड. पण पहिलं आणि दुसरं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे जातं, आणि आयोगाचा दरवाजा तिसऱ्या अपिलाला उघडतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्या अपिलापर्यंत जाण्याइतकी चिकाटी असलेला माणूस तहसील कचेरीच्या रांगेत मला अजून भेटायचा आहे. ते दुसरं अपील खात्याबाहेर काढायला एका ओळीची दुरुस्ती पुरेल.